नवे घर, नवे नगर: तरुण दांपत्याला हवे तरी काय?

गेल्या महिन्यातील एका सायंकाळी एक तरुण जोडपे आमच्या कार्यालयात आले. नाताळानंतर त्यांचा विवाह व्हायचा आहे. मुलगा अंधेरीत एका खाजगी कंपनीत नोकरी करतो. मुलगी बोरिवलीच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. विवाहाच्या कागदपत्रांचे काम आटोपल्यावर मुलाने पिशवीतून तीन रंगीत माहितीपत्रके काढली आणि आमच्यासमोर मांडली. पहिले विरारचे, दुसरे पालघरचे आणि तिसरे पनवेलच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या वसाहतीचे. “फादर, ह्यांतले कुठले घ्यावे? आमच्या दोघांच्या घरी एकमत होत नाही. तुम्ही सांगाल तसे करू,” तो म्हणाला.

कुणी कुठे घर घ्यावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तेवढे ज्ञानही नाही. तथापि ती माहितीपत्रके चाळताना एक गोष्ट ध्यानी आली. तिन्हींवर पोहण्याचा तलाव होता, तिन्हींवर व्यायामशाळा होती, तिन्हींवर एक हसरे कुटुंब हिरवळीवर बसलेले होते. हे घर कुठल्या गावात आहे हे समजावे असे चित्र मात्र एकही नव्हते. आम्ही दोघांना एकेक कोरा कागद दिला व म्हटले, “ही पत्रके क्षणभर बाजूला ठेवा. तुम्हांला राहायला जे गाव हवे आहे त्यात काय काय असावे, ते एकमेकांचे न पाहता लिहा.”

दहा मिनिटांनी कागद परत आले. मुलाने लिहिले होते: रोज पाणी, गाडीत पाय ठेवायला जागा, हप्ता भरून हाती काही उरावे, इमारत कायदेशीर असावी. मुलीने लिहिले होते: दुपारपाळी संपवून रात्री परतताना स्थानकापासून घरापर्यंत दिवे असलेला रस्ता, बाळ झाल्यावर त्याला विश्वासाने ठेवता येईल अशी जागा, जवळ शाळा, जवळ डॉक्टर, आईबाबांकडे अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता यावे, आणि अगदी शेवटी, ‘शेजारी बोलणारे असावेत.’ पोहण्याचा तलाव दोघांच्याही यादीत नव्हता.

हे दोन कागद आजच्या आमच्या लेखनाचे निमित्त आहेत. मुंबईच्या उत्तरेला आणि पूर्वेला दरवर्षी हजारो घरे बांधली जात आहेत, आणि ती प्रामुख्याने अशाच जोडप्यांसाठी बांधली जात आहेत, असे सांगितले जाते. मग त्यांना जे हवे आहे ते त्यांना मिळते काय? ह्या प्रश्नाचा आम्ही थोडा विचार करू इच्छितो.

न मोजलेली माणसे

प्रथम आपल्याच परिसराकडे पाहू. विरारहून मुंबईकडे आगगाडी धावू लागली ती १८६७ साली. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ वसई तालुका हा वाड्यांचा, केळीबागांचा, पानवेलींचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा प्रदेश राहिला. १९९० साली राज्य शासनाने ह्या उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविले आणि बांधकामांना वेग आला. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

२०११ सालच्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या थोडी वर भरली. पुढील जनगणना २०२१ साली व्हायची होती. ती लांबली आणि तिची संदर्भतारीख आता १ मार्च २०२७ ठरली आहे. ह्याचा अर्थ असा की, सुमारे पंधरा वर्षे जी कुटुंबे येथे येत राहिली त्यांची मोजदाद झालेलीच नाही. येणारे बहुतेक तरुण आहेत. म्हणजे ज्यांच्यासाठी हे नगर बांधले जाते तेच नेमके हिशेबात नाहीत. पाण्याची टाकी किती मोठी हवी, शाळेत वर्ग किती हवेत, दवाखान्यात खाटा किती हव्यात, हे सारे अंदाजावर चालले आहे. घरात पाहुणे किती हे न मोजता जेवण शिजविणाऱ्या गृहिणीची जी तारांबळ उडते, तीच आज आपल्या शहरांची उडत आहे.

पाण्याचा हिशेब

मुलाच्या यादीत पहिला शब्द ‘पाणी’ होता. सांडपाणी वाहिन्या असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे आपल्या देशात प्रमाण मानले जाते. वसई-विरारला सूर्या, उसगाव आणि पेल्हार ह्या स्रोतांतून मिळून दररोज सुमारे २३० दशलक्ष लिटर पाणी मिळत असे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या प्रादेशिक योजना ४०३ दशलक्ष लिटरची असून तीतील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी व २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी राखले आहेत. २०२३ सालच्या अखेरीस त्या योजनेचे पाणी वसई-विरारला येऊ लागले. जुने आणि नवे मिळून कागदावर ४१५ दशलक्ष लिटर होतात. माणशी १३५ लिटरने ते तीस लाख लोकांना पुरावे.

मग गल्लोगल्ली टँकर कशासाठी? कारण पाणी शहराच्या वेशीपर्यंत येणे वेगळे आणि नळापर्यंत येणे वेगळे. मधल्या जलवाहिन्या, टाक्या, गळती, आणि नळजोडणी मिळू न शकणाऱ्या अनधिकृत इमारती, ही सारी अंतरे ओलांडल्यावाचून धरणातील पाणी स्वयंपाकघरात येत नाही. ज्या इमारतीत टँकर येतो तेथील मासिक देखभाल खर्च किती, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. घर पाहावयास जाणाऱ्या जोडप्याने नमुना सदनिका पाहण्याआधी रखवालदाराला एवढेच विचारावे, “बाबा, मे महिन्यात येथे दिवसाला टँकर किती येतात?”

आणखी एक बाजू विसरता येत नाही. सूर्या नदीवरील धामणीचे धरण मुळात ह्या जिल्ह्यातील आदिवासी व इतर शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी होते. आपले पाणी शहरांकडे वळविले जात आहे ही त्यांची तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. आमच्या नळाला येणारे पाणी कुणाच्या शेतातून आले आहे, ह्याची जाणीव नव्या नगरातील नागरिकाला असावी. पाण्याची उधळपट्टी टाळणे ही नुसती काटकसर नव्हे, तर ते ऋण मान्य करणे आहे.

महिन्याचे सात दिवस

दुसरी मागणी गाडीची. बोरिवली ते विरार चौपदरी मार्ग २००७ साली पूर्ण झाला. २०१३ साली लोकल सेवा डहाणूपर्यंत पोहोचली. परंतु विरारच्या पुढे लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या ह्या सर्वांना दोनच मार्ग वाटून घ्यावे लागतात. विरार-डहाणू चौपदरीकरणाचे काम चालू आहे. ते पूर्ण होईपर्यंत ‘स्थानकापासून दहा मिनिटे’ ह्या वाक्याला फारसा अर्थ नाही, कारण खरा प्रश्न स्थानकापर्यंत पोहोचण्याचा नसून गाडी किती वेळाने येते आणि तीत शिरता येते काय, हा आहे.

आम्ही त्या जोडप्यासमोर साधा हिशेब मांडला. घरापासून कामापर्यंत पावणेदोन तास धरले तर जाऊन-येऊन साडेतीन तास होतात. महिन्याचे चोवीस कामाचे दिवस धरले तर चौऱ्याऐंशी तास. दोघांचे मिळून एकशे अडुसष्ट तास, म्हणजे बरोबर सात अहोरात्र. दर महिन्याला आपल्या नव्या संसारातून पूर्ण एक आठवडा वजा होणार आहे! स्वस्त घराची किंमत ठरविताना हा आठवडा कुणीच जमेस धरत नाही. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले; बोलले कुणीच नाही.

ह्याचा अर्थ दूर राहूच नये असा नाही. मुंबईत घर परवडत नाही ही वस्तुस्थिती आहे आणि तीस तरुण पिढी जबाबदार नाही. परंतु ज्या नगरातून सारे सकाळी निघून जातात आणि रात्री झोपण्यापुरते परततात, ते नगर अद्याप पुरते नगर झालेले नसते. नव्या नगराबरोबर तेथे कामधंदाही यावयास हवा.

हप्ता आणि उरलेला पगार

उदाहरणादाखल पस्तीस लाखांचे घर घेऊ. सात लाख स्वतःचे घातले आणि अठ्ठावीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्के दराने काढले, तर मासिक हप्ता सुमारे २४,३०० रुपये बसतो. वीस वर्षांत फेडीची रक्कम अठ्ठावन्न लाखांच्या वर जाते. त्यांपैकी तीस लाखांहून अधिक केवळ व्याज असते. मुद्रांकशुल्क, नोंदणी, देखभाल, वाहनतळ आणि टँकर ह्यांची भर वेगळीच. दोन पगारांवर आखलेला हा हप्ता बाळाच्या जन्मानंतर एका पगारावर येऊन पडतो, तेव्हा घरात जे वाद होतात ते आम्ही अनेकदा ऐकले आहेत. पैशाच्या ओढाताणीतून प्रेमाला तडा गेल्याची उदाहरणेही आमच्या पाहण्यात आहेत.

म्हणूनच, लग्न झाले की घर आपल्या मालकीचेच हवे हा समाजाचा आग्रह आम्हांस योग्य वाटत नाही. ‘भाड्याचे घर’ म्हटले की सोयरीक मोडणारी मंडळी आपल्यातही आहेत. भाड्याने राहणे हा कमीपणा नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. तेवढी काळजी घेतली की एक वर्ष नव्या गावात भाड्याने राहून ते गाव पारखता येते. विशेषतः एक पावसाळा तेथे काढावा. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसई परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे थांबली आणि अनेक वस्त्यांत वीज नव्हती. त्या पावसाने जे शिकविले ते कोणत्याही माहितीपत्रकाने शिकविले नसते.

चार भिंतींचा भरवसा

‘इमारत कायदेशीर असावी’ एवढे तीन शब्द मुलाने लिहिले. ते वाचून आम्हांस वाईट वाटले. घराबद्दल स्वप्न पाहण्याच्या वयात मुलांना ही भीती लिहावी लागते! परंतु भीती अस्थानी नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. शहराने सांडपाणी केंद्राची जागा गमावली होती, गरिबांनी घरे गमावली. त्यानंतर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली अनधिकृत इमारत कोसळली व सतरा जणांचे प्राण गेले.

स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली झाला आणि महारेरा प्राधिकरण १ मे २०१७ पासून कार्यरत आहे. ग्राहकाकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवणे, ताबा रखडल्यास व्याजासह परतावा देणे, पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करणे, ह्या तरतुदी निश्चितच हितकर आहेत. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीचे बंधन नाही, आणि नोंदणी क्रमांक म्हणजे सर्वस्व नव्हे. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये द्यावा लागला. तेव्हा बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे महापालिकेच्या नगररचना विभागातच जाऊन पडताळावे, जमिनीचा सात-बारा व बिनशेती परवानगी स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावी, आणि ही कामे होईपर्यंत एक रुपयाही बयाणा म्हणून देऊ नये.

तरीही एक प्रश्न उरतोच. रोज बारा तास घराबाहेर असणाऱ्या तरुणाने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून सत्य शोधावे, आणि ज्यांचे ते कामच आहे त्यांना चार मजले चढताना दिसू नयेत, हा न्याय कसला? चार मजली इमारत एका रात्रीत उगवत नाही.

बाळ, शाळा आणि आईबाबा

मुलीच्या यादीकडे वळू. २०१७ सालच्या दुरुस्तीने नोकरदार मातेस सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हेतू उत्तम आहे. पण सकाळी पावणेआठच्या विरार लोकलमध्ये आठ महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन अंधेरीच्या पाळणाघरापर्यंत कोणती माता जाऊ शकेल? तिला पाळणाघर हवे आहे ते घराजवळ किंवा स्थानकाजवळ. आणि तेथे सांभाळणारी बाई प्रशिक्षित व ओळखीची हवी. नव्या वसाहतींच्या आराखड्यात व्यायामशाळेला जागा असते. पाळणाघराला ती का नसावी?

शाळेचेही तसेच. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावयास हवी. आराखड्यात शाळेसाठी राखलेला भूखंड रिकामा राहतो, मग तेथे अतिक्रमण होते, आणि मुले रिक्षात कोंबून दूरच्या शाळेत जातात. “इंग्रजी शाळाच हवी, पण आजीशी बोलता येईल एवढे मराठी यायला हवे,” असे ती म्हणाली. आजी जवळ असेल तर मराठी येईल. आजी दोन तासांच्या अंतरावर असेल तर केवळ नाताळाला व सुट्टीत येईल, हे तिलाही कळत होते.

येथे वसईतील जुन्या घरांचा एक अप्रिय प्रश्न पुढे येतो. दोन्ही कुटुंबांच्या गावी वाडी आहे, जुने घर आहे. मग ही मुले बाहेर का जातात? भावाभावांतील वाटण्या न झाल्याने, सात-बारावर पंधरा नावे असल्याने, आणि कधी सुनेला स्वतःची चूल मांडू देण्याची आपली तयारी नसल्याने. बाहेरच्या विकासकाला वाडी विकण्यास सर्वांच्या सह्या मिळतात. धाकट्या मुलाला दोन खोल्या बांधून देण्यास मात्र मिळत नाहीत. ह्याचा दोष आम्ही कोणत्या शासनाला देणार?

बोलणारा शेजार

‘शेजारी बोलणारे असावेत.’ आम्हांस ही ओळ सर्वांत मोलाची वाटली. पाणी, रस्ता, शाळा ह्या गोष्टी शासन देऊ शकते. शेजार मात्र माणसांनी माणसांना द्यावा लागतो.

नव्या वसाहतीत अमक्या धर्माच्या, अमक्या जातीच्या, मांसाहार करणाऱ्या कुटुंबांना घर नाकारले जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पारशी समाजाच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा उपविधी वैध ठरविला. त्यानंतर ह्या प्रश्नाला कायद्याची वाट अरुंद झाली आहे. आपल्या मुलांना घर नाकारले गेले की आम्हांस संताप येतो. परंतु आपल्या गावातील रिकामी खोली भाड्याने देताना आपण काय विचारतो, हेही प्रामाणिकपणे आठवावे. “आपल्यातला आहे का?” हा आपलाही पहिलाच प्रश्न असतो. आपल्यावर होणारा अन्याय तो अन्याय आणि आपण करतो ती सावधगिरी, हा न्याय टिकणारा नाही.

कुणाच्या गावावर कुणाचे नगर?

तिसरे माहितीपत्रक पनवेलपलीकडचे होते. नवी मुंबईची कथा येथे बोधप्रद आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी १९६५ साली खाडीपलीकडे नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आखले गेले. आधी रस्ता, सांडपाणी, शाळेचा भूखंड, बाजार आणि मग घरे, हा क्रम तेथे पुष्कळ अंशी पाळला गेला. पुढे तेथील महापालिकेने मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण मिळविले. तरीदेखील मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू व्हायला १९९२ साल उजाडले. म्हणजे पहिल्या पिढीने वीस वर्षे वाट पाहिली. नवी मुंबई विमानतळावरून पहिली प्रवासी विमाने उडाली ती २५ डिसेंबर २०२५ रोजी. नवे नगर घडण्यास एक माणूस म्हातारा होईल एवढा काळ लागतो, हे माहितीपत्रके सांगत नाहीत.

आणि हे नगर रिकाम्या जमिनीवर उभे राहिले नाही. पंचाण्णव गावांच्या जमिनी त्यासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाटा येथे झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. आज तोच प्रश्न आपल्या दारात आहे. पालघरला जिल्हा मुख्यालयाभोवती सिडकोचे नवे नगर आखले गेले आहे. बुलेट ट्रेनची विरार व बोईसर ही स्थानके होत आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि मच्छीमार बांधवांचा त्यास विरोध आहे. ‘चौथी मुंबई’ म्हणून जाहिराती झळकू लागल्या आहेत. त्या जाहिरातींतील समुद्रदर्शनी खिडकीखाली कुणाचे तरी जाळे वाळत असते, एवढे आम्ही सांगू इच्छितो.

वसईत हा विवेक जागविण्याचे काम हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी अनेकांच्या साथीने केले. विकासाला त्यांचा विरोध आहे अशी टीका त्या काळी झाली. आज विहिरी खारट झाल्यावर आणि पावसाचे पाणी घरात शिरू लागल्यावर त्या इशाऱ्यांचा अर्थ नवागत कुटुंबांनाही कळू लागला आहे. वाडी राखणे हे केवळ जुन्या गावकऱ्यांचे हित नाही. विरारच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या दांपत्याचे पाणीही त्याच जमिनीत मुरते.

आता काय करावे?

२०२० साली मुदत संपल्यापासून वसई-विरार महापालिका प्रशासकाच्या हाती होती. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि लोकनियुक्त सभागृह पुन्हा आले. नव्या नगरसेवकांपुढे आम्ही त्या दोन कागदांवरील यादीच ठेवू इच्छितो. पाणी आणि सांडपाणी ह्यांची सोय झाल्याचे दाखविल्यावाचून मोठ्या प्रकल्पास भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. प्रत्येक प्रभागातील वैध व अवैध इमारतींची यादी दर्शनी जागी लावावी. शाळा, दवाखाना, उद्यान ह्यांच्या राखीव भूखंडांना कुंपण घालून त्यांची स्थिती दरवर्षी जाहीर करावी. स्थानकापासून मुख्य वस्त्यांपर्यंत पदपथ आणि दिवे असावेत. ह्याला धरण बांधण्याइतका पैसा लागत नाही.

परमगुरुपीठाने २२ ऑक्टोबर १९८३ रोजी प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत कुटुंबास साजेशा निवाऱ्याचा आणि त्याभोवतीच्या मूलभूत सेवांचा हक्क मान्य केला आहे. निवारा आणि परिसर ह्यांची तेथे फारकत केलेली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेव्हा आपल्या संस्थांनाही काही करता येईल. आपल्या शाळा व सभागृहे दुपारी रिकामी असतात. तेथे पाळणाघरे चालविता येतील. विवाहपूर्व शिबिरात घरखरेदी व कर्ज ह्यांवर एक सत्र वकिलाकडून घेता येईल. आणि ज्या घरांत दोन खोल्या कुलूपबंद आहेत त्यांनी त्या रास्त भाड्याने, ‘आपल्यातला का?’ असे न विचारता, एखाद्या नवदांपत्यास द्याव्यात.

निघताना त्या दोघांनी ठरविल्याचे सांगितले: एक वर्ष विरारला भाड्याने राहायचे, एक पावसाळा पाहायचा, मग विचार करायचा. “घरचे काय म्हणतील?” मुलीने विचारले. आम्ही म्हटले, “त्यांना आमच्याकडे पाठवा.” ते उठले. रंगीत माहितीपत्रके टेबलावरच राहिली. आपापल्या हस्ताक्षरातील कागद मात्र त्यांनी एकमेकांशी बदलून घेतले आणि घडी करून खिशात ठेवले.

वाचकहो, ह्यांच्यासारखी कितीतरी जोडपी आज माहितीपत्रके हाती घेऊन बसली आहेत. त्यांनी मागितलेले फार नाही: पाणी, वेळ, दिवा, पाळणा आणि बोलणारा शेजारी. एवढे जे नगर देऊ शकत नाही, त्याने स्वतःला नवे म्हणवून घेऊ नये.